निफाड तालुक्यातला त्रिभुज प्रदेश

गोदावरीचा त्रिभुज प्रदेश बघायला नाशिककराने थेट राजमहेंद्रीच्या पुढे जायलाच हवं असं नाही. जावं जरूर. ब्रह्मगिरीवरून निघालेली आपली नदी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते आणि मिळण्याआधी धवळेश्वरमच्या खाली तिला फाटे फुटतात. त्यातल्या एका फाट्याला तिकडचे लोक गौतमीच म्हणतात. कोरिंग्याची खारफुटी, तिथली मासेमार मांजरं, ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे, हे सगळं त्या टोकाला. पण नदी गाळ टाकते, गाळाची बेटं होतात, बेटांनी पाणी फुटतं आणि त्या फुटलेल्या पाण्यात पाखरं उतरतात, एवढंच बघायचं असेल तर पहाटे डबा घेऊन निघावं आणि रात्रीच्या वरणभाताला घरी परत यावं, इतक्या जवळ ते आहे. नांदूर मध्यमेश्वरला.

भूगोलाचे मास्तर म्हणतील, त्रिभुज प्रदेश समुद्राच्या तोंडाशी असतो. बहुतेक वेळा असतोच. पण नदीला त्यासाठी समुद्रच लागतो असं नाही, थांबलेलं पाणी लागतं. ते तळ्याचं असो, नाहीतर बंधाऱ्याचं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रजांनी गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी बंधारा घातला. हेतू सरळ होता. पाणी अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या कोरड्या पट्ट्याला द्यायचं. त्या कालव्यांवर तिकडचा ऊस उभा राहिला, उसावर कारखाने आणि कारखान्यांवर राजकारण. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पाणी अडलं तसा गाळही अडला. पावसाळ्यात त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरीची माती खरवडून नद्या खाली येतात. दारणा वरच्या अंगालाच गोदेला मिळालेली असते, कादवा इथे मिळते. बंधाऱ्यामागच्या पाण्यात शिरलं की प्रवाहाचा जोर मोडतो. आधी जाड वाळू बसते, मग बारीक माती, आणि अगदी पिठासारखा गाळ सर्वांत शेवटी, बंधाऱ्याच्या तोंडाशी. एका पुरात बसलेली बेटं दुसऱ्या पुरात निम्मी वाहून जातात आणि भलतीकडेच नवी उठतात. त्यावर गवत येतं, पाणकणीस येतं, बाभळी रुजतात. बंधारा पाणी साठवायला बांधला होता, त्याने साठवली माती. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही तूट आहे. पण बंधारा उथळ झाला म्हणूनच पाखरांच्या कामाचा झाला. बदकांमधली बरीचशी मंडळी बुडी मारत नाहीत. शेपटी वर करून, डोकं पाण्यात घालून मान पोहोचेल तेवढंच खातात. तळ हात-दीड हातावर हवा. म्हणून गंगापूर धरणाच्या खोल पाण्यावर त्यांना पोटभर काही मिळत नाही आणि निफाडच्या चिखलात मिळतं.

हे सगळं काठावरून बऱ्याचदा पाहिलं होतं. पाण्याच्या पातळीवरून पाहायची संधी यंदाच्या जानेवारीत आली, ती भाच्यामुळे. तो कॉलेजात असताना वल्हवायचा. आता त्याच्याकडे हवा भरायची दोन माणसांची कॅनो आहे, गुंडाळली की गाडीच्या डिकीत मावते. नाशिककडे वल्हवण्याचं वेड आहे असं सांगितलं की बाहेरचे लोक हसतात. पण २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात भारतातर्फे उतरलेला दत्तू भोकनळ आमच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. जिथे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी रांग लागते अशा भागातला मुलगा, विहिरी खोदणाऱ्या बापाचा. सैन्यात गेला आणि तिथे वल्हं हातात घेतलं. भाच्याचं दैवत तेच.

नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य. त्याच्या पाण्यात कुणीही उठून होडी घालावी असं नाही, आणि ते बरंच आहे. त्यामुळे बेत असा ठरला: सकाळी चांदोरी-सायखेड्याच्या पात्रात वल्हवायचं, अभयारण्याच्या बरंच अलीकडे परत फिरायचं, आणि दुपारनंतर निफाडमार्गे चापडगावला जाऊन अभयारण्याच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावायची.

निफाडच्या थंडीबद्दल मी वेगळं काय सांगणार? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान रोज पेपरात येतं आणि राज्यभरचे लोक ते वाचून चादर ओढून घेतात. आम्ही पोहोचलो तेव्हा द्राक्षबागांमध्ये शेकोट्या धुमसत होत्या. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागून धूर करतात. तो धूर जमिनीसरशी पसरून नदीपर्यंत आलेला. घाटावर पाय ठेवला तर दगड इतका गार की चपलेतून कळत होता.

पंपाने हवा भरेपर्यंत एक मासेमार काका शांतपणे आमच्याकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "ताई, पानवेली पाहून जा बरं. एकदा मधी घुसलं का मंग वल्हं चालत नाही, उतरूनच ढकलावं लागतं."

पानवेली म्हणजे जलपर्णी. नाशिकचं सांडपाणी आणि शेतांतलं खत दोन्ही खाऊन ती फोफावते. वरून हिरवंगार कुरण वाटतं, जांभळी फुलं आली की फोटोही चांगले येतात. खाली मात्र मुळांची जाड गोधडी असते आणि त्या गोधडीखाली उजेड नाही, की धड हवा नाही. पाण्याला वास होता, तोही सांगून टाकते. निसर्गाच्या वर्णनात वास गाळायची पद्धत आहे, पण गोदावरीत वल्हवायचं म्हणजे अख्ख्या शहराच्या मोऱ्यांवरूनच वल्हवायचं. २०२७ चा सिंहस्थ येतो आहे, तेवढ्यापुरतं रामकुंडाशी पाणी चकचकीत होईलही. सायखेड्यापर्यंत ती चमक टिकते का, ते तेव्हा बघू.

पहिला अर्धा तास मी निव्वळ गोल फिरत होते. "मावशी, हाताने ओढू नकोस गं, कमरेतून फिर," असं भाचा मागून सांगत होता. कॅनोत आपण पाण्याच्या इतक्या जवळ बसलेलो असतो की काठावरच्या सगळ्या गोष्टी मोठ्या होतात. बांधावरची म्हैस हत्तीएवढी दिसते. आणि पाखरांना मात्र आपण लहान झालेले दिसत असणार, कारण काठावर माणूस उभा राहिला की शंभर पावलांवरून उडणारी ढोकरी आमच्यापासून दोन वल्ह्यांच्या अंतरावर मान आखडून बसून राहिली.

त्या सकाळी मी सर्वांत जास्त वेळ जांभळी पाणकोंबडी बघितली. काठावरून ती कायम दिसते, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. सगळे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, शोधत असतात. आम्ही जलपर्णीच्या कडेला कॅनो लावून गप्प बसलो तेव्हा एक जण अगदी समोर आली. कोंबडीपेक्षा अंमळ मोठी, निळी की जांभळी की हिरवट ते उन्हावर अवलंबून. चोच आणि कपाळावरची ढाल लालभडक, पाय लांब आणि तेही लाल. तिने एक कोवळा देठ चोचीने उपसला. मग डावा पाय उचलला आणि त्या लांब बोटांमध्ये तो देठ धरला, आपण ऊस धरतो तसा. वरची साल चोचीने सोलून बाजूला टाकली, आतला पांढरा गर कुरतडला, उरलेला तुकडा सोडून दिला. पुन्हा दुसरा देठ. प्रत्येक पावलाला शेपूट झटकायची, की खालची पांढरी पिसं चमकायची. जिथे माणूस नि कॅनो दोन्ही अडकतात त्या पानवेलीवर ती घरच्यासारखी चालत होती. पलीकडे कमळपक्षी त्याहून हलक्या पावलांनी, बोटं पसरून. जलपर्णी नदीचा गळा आवळते हे खरं, आणि त्या सकाळी या दोघांचं जेवण तिच्यावरच मांडलेलं होतं हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदम मनात धरायला मला जरा वेळ लागला.

पुढे वारकऱ्यांचा थवा होता. काळी, गोल, पांढऱ्या कपाळाची ही पाखरं उडायचं ठरवतात तेव्हा आधी पाण्यावरून पळत सुटतात. फटफट आवाज करत, पाणी उडवत, निम्म्या वाटेवर त्यातल्या काहींचं मत बदलतं. कवड्या खंड्या मात्र शिस्तीचा. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, नेम धरतो आणि दगडासारखा खाली येतो. आमच्यादेखत त्याचे बरेच नेम चुकले, त्याला काही वाटलं नाही.

परतताना सायखेड्याच्या पुलाखाली थोडा वेळ थांबलो. या पुलाचं आणि पानवेलींचं जुनं वैर. पावसाळ्यात वरून वाहून आलेल्या पानवेलींचे ढीग कमानींत अडकतात, पाणी तुंबतं, आणि मग प्रशासनाची पळापळ सुरू होते. काठावर एक आजोबा ऊन खात बसले होते, त्यांनी आपणहून २०१९ च्या ऑगस्टचं सांगितलं. त्या वेळी नांदूर मध्यमेश्वरातून जायकवाडीकडे अडीच लाख क्युसेकच्या वर पाणी सुटत होतं. हा आकडा पेपरात वाचणं वेगळं. आजोबांनी हात वर करून भिंतीवरची रेघ दाखवली. "हितपर्यंत व्हतं. भांडीकुंडी, धान्य, समदं. दोन दिवस शाळंत काढले."

आणि मग म्हणाले, "तिकडं खाली बंधाऱ्यात गाळ भरलाय. पाणी पुढं सरकत नाही, मागं आमच्या घरात शिरतं. तो काढत नाही कोणी. पाखरं हायेत म्हणे तिथं."

मी ताबडतोब दुर्बीण पिशवीत टाकली. काहीतरी उत्तर द्यावं असं वाटत होतं. पुराला बंधारा हे एकच कारण नाही, पात्रातली बांधकामं, वाळूचा उपसा, वरच्या धरणांतून एकाच वेळी सुटणारं पाणी, असं बरंच काही सांगता आलं असतं. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींची रामसर यादी असते, तिच्या कागदपत्रांत तर या पाणथळीला पुराचं पाणी झेलणारी जागा म्हटलं आहे. पण ज्याच्या भिंतीवर रेघ आहे त्याच्यापुढे कागद काढायचा नसतो. भाचा म्हणाला, "आजोबा, बरोबर आहे तुमचं," आणि त्यांनी त्याला तंबाखू विचारली.

निफाडला मिसळ खाल्ली. चापडगावला पोहोचेस्तोवर तीन वाजले.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर. अभयारण्य म्हणून १९८६ मध्ये जाहीर झालं. २०१९ मध्ये रामसर यादीत गेलं, ते महाराष्ट्रातलं पहिलं. बातमी आपल्याकडे २०२० च्या जानेवारीत आली. रामसरचं क्षेत्र १४३७ हेक्टर. 'महाराष्ट्राचं भरतपूर' असं त्याला म्हणतात, मला ते आवडत नाही. भरतपूर भरतपुरात आहे. इथे बाजूला उसाचे फड आहेत, फडांत बिबटे आहेत, आणि मनोऱ्यावरून एका नजरेत तलवार बदक, कांद्याची लागवड आणि ट्रॅक्टरवरचं गाणं असं तिन्ही मिळतं. ५३६ प्रजातींची नोंद झालेली आहे. पाखरांच्या गडबडीत मागे पडतो तो एक मासा: देवळालीच्या नावाचा, बोटभर लांबीचा, जगातून नाहीसा होण्याच्या काठावर असलेला. देवळाली कॅम्पात आयुष्य काढलेल्या लोकांनाही आपल्या गावाच्या नावाचा मासा आहे हे ठाऊक नसतं. त्याच्या नशिबी सहली नाहीत.

मनोऱ्यावर एका शाळेची सहल आली होती. मुलं फ्लेमिंगो कुठे, फ्लेमिंगो कुठे करत होती. त्या दिवशी नव्हते. गाइडने मग दुर्बीण थापट्यांवर लावून दिली आणि काम झालं. थापट्या म्हणजे तेच ते बदक, ज्याची चोच पुढे पसरट होऊन फावड्यासारखी होते. उत्तर आशियातून हिमालय ओलांडून येतात. उथळ पाण्यात वीस-पंचवीस जण एकामागे एक गोल फिरत होते, चोच पाण्यात घालून, पुढच्याच्या शेपटीशी डोकं लावून. पायांनी ढवळलेला तळ वर येतो, त्यातले किडे, बिया, शेवाळ चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांमधून गाळले जातात आणि पाणी बाजूने निघून जातं. पुढचा ढवळतो, मागचा खातो, आणि गोल असल्यामुळे प्रत्येक जण कुणाच्या तरी पुढे असतोच. सहावी-सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे भोंडला खेळतायत." सरांनी तिला वहीत लिहायला लावलं: स्थलांतरित पक्षी. मला तिचं उत्तर जास्त पटलं होतं.

त्या गोलाच्या मधोमध हा सगळा विषय आहे, असं मला वाटत राहिलं. पाणी आणखी हातभर खोल असतं तर त्या पायांनी तळ ढवळला नसता. म्हणजे गाळ काढा ही सायखेड्याची मागणी आणि गाळ राहू द्या ही थापट्यांची गरज, दोन्ही एकाच हातभर मातीवर येऊन थांबतात. आम्ही पक्षीवाले ही गोष्ट फार बोलत नाही. 'संवर्धन' म्हणतो आणि पुढचा पक्षी शोधतो. सरसकट पोकलेन घातला तर हे बेट-खाड्यांचं जाळं एका उन्हाळ्यात जाईल, हे मला दिसतं. सगळंच तसंच ठेवा म्हणणाऱ्याने आधी एक पावसाळा चांदोरीत काढावा, हेही मला आता दिसतं. बंधाऱ्याच्या तोंडाशी नदीची वाट मोकळी करायची आणि वरच्या बाजूची उथळ पाणथळ सोडून द्यायची, असं करता येईल असं माझं आपलं मत. मी ना इंजिनिअर ना वनाधिकारी. पण कुठे उपसायचं आणि कुठे नाही, हे ठरवायला बसतील तेव्हा त्या खोलीत सायखेड्याचे आजोबा असावेत, आणि चापडगावचा तो गाइडही, ज्याच्या घरची चूल वर्षातले पाच महिने या पाखरांवर चालते.

ऊन कलल्यावर दलदल ससाणा आला. गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून, तरंगत. तो ज्या दिशेला सरकायचा तिकडची सगळी बदकं उठायची. आकाशात एक गोळा व्हायचा, फिरायचा, पुन्हा पाण्यावर बसायचा. ससाण्याला बदक मारायचंच होतं असं दिसलं नाही, थव्यात कोण दुबळं आहे ते तो चाचपत असावा. शाळेच्या मुलांनी तोवर वेफर्स उघडले होते. गाइड त्यांना रिकामी पाकिटं परत खिशात ठेवायला लावत होता, आवाज न चढवता, प्रत्येकाला नावाने हाक मारून. दिवसभरात इतकी नावं त्याने कधी पाठ केली कोण जाणे.

परतीच्या वाटेवर भाच्याशी वाद झाला. तो म्हणत होता, दुरून पाहिलेले दोन करकोचे चित्रबलाक होते. मी म्हणत होते, उघड्या चोचीचे. फोटोत दोघांचीही पाठच आलेली. शेवटी यादीत 'करकोचा, २' एवढंच लिहिलं. आता मे महिन्यात पुन्हा जायचं म्हणतोय आम्ही, कॅनो न घेता. पाहुणी पाखरं तेव्हा गेलेली असतील, पण शेतीसाठी कालव्यांना पाण्याचं आवर्तन सुटून पाणी उतरलं की पात्रातली जुनी दगडी देवळं वर येतात आणि गाळाची बेटं बुडापासून दिसतात. चांदोरीच्या त्या मासेमार काकांनी सांगितलंय, येण्याआधी फोन करा, चिखल कुठे वाळलाय आणि कुठे नुसताच वाळल्यासारखा दिसतो ते मी दाखवतो.